विहारातली खीर आणि भागीरथाबाईच्या हिरड्या

भिलाईच्या सेक्टर दहात एक गोष्ट फार दिवस फिरत होती. मोठ्यानं ती कोणीच सांगत नसे, म्हणूनच ती सगळ्यांना पाठ होती. प्रेमानंदची बायको आम्रपाली सासूला उपाशी ठेवते. दुधाच्या बूथवर ही गोष्ट आवाज खाली आणून सांगितली जायची. भाजीबाजारात वांगी निवडता निवडता तिच्यात थोडी भर पडायची. संध्याकाळी ती विहाराच्या पायरीवर पोचेपर्यंत आम्रपालीनं स्वयंपाकघराला कुलूप ठोकलेलं असायचं आणि म्हातारी मागच्या बाडीतले, म्हणजे परसातले, कच्चे पेरू तोडून पोट भरत असायची. कच्चे पेरू! जिला शिजलेला भातसुद्धा जिभेनं दाबून गिळावा लागत होता, ती कच्चे पेरू खाते म्हणे. पण अशा गोष्टी सांगणाऱ्यांनी कधी कुणाच्या तोंडात डोकावून पाहिलंय?

तोंडात डोकावण्याचं काम त्या सेक्टरात एकच बाई करायची, आणि ती म्हणजे ही सासू स्वतः, भागीरथाबाई.

साकोलीकडच्या खेड्यातून ती भय्याजींची बायको म्हणून भिलाईत आली. भय्याजी स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते. रिटायर झाल्यावर फार दिवस राहिले नाहीत बिचारे. मुलगा प्रेमानंद त्याआधीच प्लांटात लागला होता, क्वार्टर त्याच्या नावावर झालं, आणि भागीरथाबाईचं राज्य होतं तिथंच राहिलं. राज्य म्हणजे घरातलं नव्हे, विहारातलं. वंदनेला तिची जागा पहिल्या रांगेत, आवाज सगळ्यांच्या वर. महिला मंडळात अध्यक्ष कोणीही असो, हुकूम हिचा. आणि हिचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे फाटकाजवळची ती निळी बादली.

खऱ्ऱ्याची बादली. विहारात येणाऱ्या प्रत्येक पुरुषानं खिशातली खऱ्ऱ्याची पन्नी तिच्यात टाकायची, मगच आत पाऊल ठेवायचं. "पाचवं शील घ्यायले आले ना? नशेपासून दूर राहीन म्हनायचं अन् गालात तंबाखू? हे अंदर नाई चालनार." एकदा धम्मपालनं, म्हणजे सिंधुताईच्या नवऱ्यानं, खिसे उलटे करून दाखवले. साफ रिकामे. भागीरथाबाई हलली नाही. "आ कर," म्हणाली. "अवो वैनी..." "आ कर म्हनलं ना!" सगळ्या बायापोरांसमोर त्या पन्नाशीच्या माणसानं तोंड उघडलं, आणि गालाच्या कोपऱ्यात दडवलेला खऱ्ऱा सगळ्यांना दिसला. पोरं हसली, बाया हसल्या, धम्मपालही ओशाळून हसला. सिंधुताई तेवढी हसली नाही. ती गोष्ट तिनं नीट घडी घालून ठेवून दिली, जसं चांगलं लुगडं ठेवतात.

आता या कडक बाईचं गुपित ऐका.

रोज सकाळी, घरातले उठायच्या आत, भागीरथाबाई बाडीत मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, झाडामागं बसून मंजन करायची. बराच वेळ करायची. शेजारीपाजारी म्हणायचे, बाई दातांची किती काळजी घेते. ते मंजन नव्हतं, गुडाखू होता. छत्तीसगडात राहून गुडाखू माहीत नाही असा माणूस विरळा. तंबाखू आणि गुळाच्या मळीचा काळा चिकट लगदा, डबीत मिळतो. बोटावर घ्यायचा, दातांवर-हिरड्यांवर घासायचा, आणि डोकं जरा हलकं होईपर्यंत तोंड मिटून बसायचं. प्रेमानंदच्या वेळी ती पोटुशी होती तेव्हा तिची दाढ ठणकत होती. भाजी विकायला येणाऱ्या गुलाबनं आपल्या डबीतलं बोटभर तिच्या हिरडीला लावलं होतं. "लगा ले दीदी, माढ़ी सुन्न हो जाही." हिरडी सुन्न झाली. दुखणं थांबलं. तेव्हापासून ती डबी बाडीच्या भिंतीतल्या एका सैल विटेमागं राहायला आली. भय्याजी गेले, गुलाब म्हातारी होऊन गावी परतली, पण डबी काही गेली नाही. संपली की नवी यायची, एवढंच.

एवढी वर्षं चोळलं तर हिरड्यांनी काय करावं? त्या सुजल्या. लाल झाल्या, दातांपासून सुटायला लागल्या, ब्रश लावला की रक्त यायचं. मिरची लागली की डोळ्यांतून पाणी, भाकरीचा पापुद्रा टोचला की सगळ्या अंगाला झणका. आणि झणका बसला की भागीरथाबाई काय करायची? बाडीत जाऊन आणखी बोटभर गुडाखू लावायची. सुन्न व्हायचं ना! ज्यानं हिरड्या खाल्ल्या त्यालाच ती औषध समजत होती. समजत होती म्हणणंही खरं नाही. मनात कुठंतरी तिला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ती सैल वीट काढून डबी बाहेर फेकणं वेगळं.

नेमकी त्याच काळात आम्रपाली सून होऊन घरात आली.

पोरगी नंदिनी नगरची, बाप चुनखडीच्या खाणीत. हात कामाचा, बोलणं थोडं. सासूला खूश करायचं तिनं मनाशी ठरवलं होतं, आणि तिला वाटलं की सासू जेवणानं खूश होईल. पहिल्या दिवशी तिनं तिखट रस्सा आणि ज्वारीची भाकर केली. भागीरथाबाईनं ताट सरकवलं. "भूक नाई." दुसऱ्या दिवशी आम्रपालीनं जास्त मन लावलं, भरडा वडे तळले, कुरकुरीत. "नाई वो, पोटात गॅस आहे." तिसऱ्या खेपेला चण्याची उसळ, वर कच्चा कांदा. सासूनं डोळ्यानं बघून हात जोडले. पोरीचं दुर्दैव पाहा. जितका जीव ओतावा तितकं ताट कडक होत गेलं, आणि जितकं कडक होत गेलं तितकं जसंच्या तसं परत आलं. प्रेमानंद कधी फर्स्ट शिफ्टला, कधी नाईटला. त्याला ताटातलं काय दिसणार?

आई वाळत चालली हे मात्र सगळ्यांना दिसलं. सिंधुताईला तर सगळ्यांच्या आधी.

मग बुद्धपौर्णिमा आली. विहारात खीरदान होतं. मोठ्या गंजात तांदळाची खीर, दाट दुधातली, इलायची घातलेली, कोमट. भागीरथाबाईच्या हातात वाटी आली, तिनं एक चमचा तोंडात घेतला, आणि तिला कळलं की हे चावायचंच नाही. नुसतं जिभेवरून उतरतं. कित्येक दिवसांत पोटात नीट अन्न गेलं नव्हतं. तिनं वाटी संपवली. दुसरी घेतली. मग गंजाजवळच बसली आणि खातच राहिली, ओठाला लागलेलं पदरानं पुसत, आजूबाजूला कोण आहे याचं भान नसल्यासारखी.

सिंधुताई तिच्याकडं बघत होती. तिनं आपणहून आणखी एक डाव वाढला आणि शेजारी बसकण मारली.

"घ्या वो बाई, पोटभर घ्या. घरी नाई भेटत काय?"

भागीरथाबाईनं पुढचा चमचा भरला.

"म्हंजे मी उगा विचारून राहिली," सिंधुताई आणखी जवळ सरकली. "सून देत नाई काय तुमाले खायले?"

हे ऐकून भागीरथाबाईचा चमचा थांबला. 'नाई वो, हिरड्या दुखतात माह्या,' एवढं म्हणायचं होतं. एवढंच. पण ते म्हटलं की सिंधुताई म्हणाली असती, "आ करा पाहू." धम्मपालचा तो उघडा जबडा सिंधुताई विसरली नव्हती, आणि सिंधुताई विसरली नाही हे भागीरथाबाईही विसरली नव्हती. आ केला असता तर काळे पडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या बघून गुडाखूची ओळख पटायला त्या गावात डॉक्टर लागत नाही. निळी बादली, पहिली रांग, पाचवं शील, सगळं त्या उघड्या तोंडात गेलं असतं.

तिनं नुसता सुस्कारा सोडला आणि खीर खात राहिली.

त्या सुस्काऱ्याचं काय झालं ते तुम्ही वर वाचलंच.

गोष्ट आम्रपालीपर्यंत पोचली ती शेजारच्या टीनाच्या बाळाच्या नामकरणात. आम्रपाली शिऱ्याचं ताट घेऊन वाढायला उठली, तर एक बाई हसत हसत म्हणाली, "अवो, आमाले कावून वाढून राहिली? आदी सासूले वाढ!" बाकीच्या बाया आपापल्या ताटात बघायला लागल्या. आम्रपालीनं ताट खाली ठेवलं आणि घरी आली. ती रडली नाही. भागीरथाबाई पलंगावर बसली होती, तिच्यासमोर उभी राहून तिनं विचारलं, "आई, मी तुमाले उपाशी ठेवलं काय?"

"कोन म्हनते?"

"सगळे."

"लोकायच्या तोंडाले काय लागतं..." असं काहीतरी पुटपुटत भागीरथाबाईनं तोंड फिरवलं, आणि तेवढ्यात उशीच्या खोळीवरचा लाल डाग आम्रपालीला दिसला. तिनं वाकून पाहिलं. मग सासूच्या हनुवटीला हात लावला, अगदी हळू, आणि म्हणाली, "आई, तोंड दुखते काय तुमचं?"

"उमर झाली."

"मंग सांगितलं कावून नाई?" पोरीच्या आवाजात राग नव्हता. सुटका होती. सासूला आपल्या हातची चव आवडत नाही, हे ओझं तिनं एवढे दिवस एकटीनं वाहिलं होतं. ते खाली पडलं, आणि ती कामाला लागली.

तिनं मिरचीचा डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. सकाळी-संध्याकाळी आणि प्रत्येक जेवणानंतर कोमट पाण्यात मीठ विरघळवून पेला सासूच्या हातात द्यायची. "नुसतं तोंडात फिरवा आई, गिळू नका. अन् गरम नका घेऊ, कोमटच." बाजारातून लहान पोरांचा मऊ ब्रश आणला, आरशासमोर उभं राहून तो हिरडीवर न दाबता कसा गोल फिरवायचा ते दाखवलं. खोबरेल तेलात चिमूटभर हळद कालवून बोटानं टेकवायची. लवंग तेल नुसतं लावलं तर आग होते म्हणून ते खोबरेलात अगदी थोडं मिसळायची. जेवायला मऊ खिचडी, दहीभात, पेज, कुस्करलेला दुधी. खूपच ठणकलं तर ओला थंड फडका सासूच्या गालावर धरून बसायची आणि दुसऱ्या हातानं मोबाइलवर नंदिनी नगरला आपल्या आईशी बोलायची, "हाव माय, जेवल्या, आज पूर्न वाटी जेवल्या." एवढ्या आनंदानं, की जणू पोटचं पोर पहिला घास जेवलं.

दोन-चार दिवस हिरड्या निवायच्या. मग पुन्हा लाल.

"मी कुठं चुकून राहिली?" आम्रपाली स्वतःलाच विचारायची. मीठ कमी पडते काय? पानी जास्त गरम होते काय? एकदा तर ती प्रेमानंदला म्हणाली, "माह्या हातालेच यश नाई." भागीरथाबाई आतल्या खोलीतून ते ऐकत होती. आणि सकाळी, पोरगी उठायच्या आत, मुनग्यामागं बसून बोटभर लावून येत होती. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, म्हणून तर डोळे मिटून लावायची.

आम्रपालीनं एकच मागणं मागितलं. "आई, सिंधुताईले एकदा सांगा ना, का तुमच्या हिरड्या दुखतात म्हून तुमी जेवत नव्हत्या. तुमी सांगितलं तर लोकं ऐकतीन."

"सांगतो वो, सांगतो."

दर रविवारी वंदनेला जाताना ती ठरवायची. दर रविवारी पहिल्या रांगेत बसल्यावर तिला वाटायचं, पुढच्या रविवारी. निळी बादली फाटकाशी होतीच. लोक खऱ्ऱा टाकत होते आणि तिला वाकून जयभीम घालत होते.

एका सकाळी ती बाडीत गेली तर वीट जागेवर होती, मागं डबी नव्हती. घरात आली तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मिठाच्या पाण्याचा पेला होता, आणि त्याच्या शेजारी डबी. आम्रपाली गॅस पेटवत होती. पाठमोरीच म्हणाली, "दोन्ही ठेवून दिलं, आई. आता तुमीच पाहा."

बस. प्रेमानंदला सांगितलं नाही, नंदिनी नगरला सांगितलं नाही. त्या डबीच्या जोरावर ती पोरगी सगळ्या सेक्टरचं तोंड बंद करू शकली असती. फक्त नेऊन सिंधुताईच्या हातात द्यायची होती. नाही दिली. भागीरथाबाईनं मिठाचा पेला उचलला आणि डबी पदराखाली घेतली. दोन्ही. त्या क्षणाची आठवण पुढं तिला जेवढी टोचली तेवढी भाकर कधी टोचली नाही.

काही महिन्यांनी प्रेमानंदनं कुम्हारीला घर केलं. आम्रपालीला तिकडं एका शाळेत काम मिळालं, असं कारण सांगितलं. खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. क्वार्टर आईसाठी राहू दिलं. प्रेमानंद बाइकवर ड्यूटीला यायचा, जाता-येता डोकावायचा. निघायच्या दिवशी आम्रपालीनं बारीक मिठाची बरणी भरून ठेवली, नवा मऊ ब्रश काढून ठेवला, आणि पाया पडताना हळूच म्हणाली, "हिरड्या नाई निवल्या तर दाताच्या डॉक्टरले दाखवा. घरच्या पान्यानं सगळंच नाई होत."

ती गेली, आणि घरात कोणीच विचारेना, "आई, जेवल्या का?"

हे असं झालं तेव्हा कुठं भागीरथाबाईनं डबी नालीत टाकली. त्यानंतरचे दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, कशातच मन लागेना, मुनग्याच्या झाडाकडं बघवेना. पण ती मीठ-पाणी घेत राहिली, ब्रश गोल फिरवत राहिली, खिचडी स्वतः शिजवून खात राहिली. डॉक्टरकडं जाऊन आली. त्यानं दात साफ केले, एक हलणारा काढला, तंबाखू पुन्हा लावायचा नाही म्हणून बजावलं. आणि हळूहळू हिरड्या बसल्या. रक्त थांबलं. एक दिवस तिनं भाकर केली, तुकडा मोडला, दाढेखाली घेतला. चावला. दुखलं नाही. तशीच तोंडात घास धरून ती बसून राहिली, कारण ज्या पोरीला हे दाखवायचं होतं ती कुम्हारीला होती.

तब्येत सुधारली. गाल भरले. आणि सेक्टरला पुरावा मिळाला!

"पाह्यलं काय?" दुधाच्या बूथवर सिंधुताई म्हणाली. "सून गेली अन् म्हातारी भरली. आता तं पटलं?"

सगळ्यांना पटलं. पटणारच की.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला खीर वाटायच्या आधी भागीरथाबाई उभी राहिली. आवाज तोच, सगळ्यांच्या वरचा. "मले सांगायचं आहे काई. मी गुडाखू घासत होती. लई वर्सं. तुमची बादली ठेवली अन् माही डबी लपवली. हिरड्या सुजल्या होत्या माह्या, चावता येत नव्हतं, म्हून जेवत नव्हती. आम्रपालीनं मले कदी उपाशी नाई ठेवलं. मी तवाच सांगाले पाह्यजे होतं."

मग सिंधुताई उठली, जवळ आली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

"धन्य आहे बाई तुमची. सुनेचं झाकाले सोताच्या अंगावर घेऊन राहिल्या."

"झाकून नाई राहिली वो! खरं सांगून राहिली!"

"कुठं आहे मंग डबी?"

"नालीत टाकली."

"बरं. आ करा पाहू."

भागीरथाबाईनं आ केला. पदर बाजूला सारून, धम्मपालपेक्षा मोठा. सिंधुताईनं डोकावून पाहिलं, मागच्या दोघी-तिघींनीही माना पुढं काढल्या. आत स्वच्छ दात आणि निरोगी गुलाबी हिरड्या होत्या, आम्रपालीच्या मिठानं निववलेल्या.

"काईच तं नाई झालं," सिंधुताई म्हणाली आणि मायेनं तिची पाठ थोपटली. "बसा. खीर घ्या."

घरी येऊन तिनं फोन लावला. पलीकडं आम्रपाली. काय झालं ते सगळं तिनं सांगितलं, आणि मग विचारलं, "येशीन का वापस?"

"सनाले येईन ना, आई."

"राहाले?"

"त्या बायायच्या नजरा माह्यानं नाई सोसत आता," आम्रपाली म्हणाली. "तुमी जेवल्या का?"

"हाव," भागीरथाबाई म्हणाली. "जेवली."

सेक्टर दहात ती गोष्ट अजून सांगतात. आता तिच्यात सुनेची अब्रू झाकणारी थोर सासूही आली आहे, त्यामुळं ऐकायला जास्त छान लागते. खरं एवढंच आहे. आम्रपालीनं सासूला कधीही उपाशी ठेवलं नाही. भागीरथाबाई गुडाखू घासत होती, त्यानं तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, तिला चावता येत नव्हतं, आणि ते सांगायला ती घाबरली.